मशीनच्या आधी आत्या

माझ्या आत्यासारखं बघणारं माणूस कांजूरमार्गपासून बोरिवलीपर्यंत दुसरं सापडायचं नाही. बघायची मात्र एकाच माणसाकडे, तिच्या मुलाकडे. माझ्या या आतेभावाला लहानपणापासून फिट्स यायच्या. त्यामुळे आत्या लग्नात नवरा-नवरीकडे पाठ करून बसे आणि सिनेमाला नेली तर पडदा सोडून मुलाचं तोंड बघे. वर घरी येऊन गोष्टही सांगे, ती त्याच्या तोंडावरून जुळवलेली. "मधी घाबारलो, मगे हसलो, म्हंजे हिरो वाचलो असतलो!" आमची हसून पुरेवाट व्हायची.

गोळ्यांनी हात टेकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, फिट मेंदूत नेमकी कुठून उठते ते सापडलं तरच ऑपरेशन. मग त्याला हॉस्पिटलात ठेवून डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या मशीनच्या तारा लावल्या आणि गोळ्या कमी केल्या. फिट सुरू होताच किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन द्यायचं. ती जिथून उठली तिथे ते जास्त साचतं आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळते. उशीर झाला की फिट पसरते आणि मूळ काही कळत नाही. दोनदा असंच फुकट गेलं. तिसऱ्या दिवशी दुपार झाली तरी फिटचा पत्ता नाही आणि औषध तर काही तासांतच निकामी होणार. आत्यानं कॉटपाशीच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, इतकी वर्सां नको नको म्हणान सांगत इलंय, आज एक येवंदे!"

तासाभरानं ती ओरडली, "इली!"

"काकू, मशीनवर काहीच नाही ना," नर्स म्हणाली.

"मशीन घाल खड्ड्यात! डाव्या हाताची बोटां बघ, चोळता हा!"

डॉक्टर दारातच होते. त्यांनी बोटं पाहिली आणि म्हणाले, "सिस्टर, द्या!" इंजेक्शन गेलं आणि त्यानंतर मशीनवरच्या रेघा नाचू लागल्या.

संध्याकाळी स्क्रीनवर मेंदूच्या उजव्या बाजूला चण्याएवढा एकच ठिपका झगझगत होता. "हयसर लपान बसललंस काय रे मेल्या!" आत्यानं ठिपक्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मी वॉर्डातच शिट्टी मारली आणि सिस्टरचा ओरडा आनंदानं खाल्ला. आमचं घराणं इतकं झकास कधी जिंकलं नव्हतं.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं, फिट नाही. त्यांच्या बाथरूमची आतली कडी आत्यानं फिटच्या धास्तीनं कधीच काढून टाकली होती. परवा मी गेलो तेव्हा आतेभाऊ नवी कडी बसवत होता. मग तो आंघोळीला गेला आणि त्यानं ती आतून लावली. आत्या बोलता बोलता थांबली, बंद दाराकडे बघत राहिली, पदरानं डोळे पुसले. मग सावकाश माझ्याकडे वळली.

"अरे," ती म्हणाली, "तुझे केस कधी पिकले रे?"