बेजार

महादेवपुऱ्यातल्या कंपनीत मी आठवडाभर ॲपची बटणं रंगवते आणि शनिवार-रविवारी टॅबलेटवर माणसांचे चेहरे. चेहऱ्यात मनातलं दिसलंच पाहिजे, हा माझा हट्ट. त्यापायी निळे गाल, हिरवी कपाळं. आई नागपूरहून फोनवर म्हणते, "माणसांच्या रंगाची माणसं काढ ना कधी."

मारतहळ्ळीत आमच्या घरमालकीणबाई खाली राहतात. गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलं, या कानडी मुलखातलंच. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मुरली आहे की कुठला शब्द कुणाचा, हे त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या वर्षी त्यांचे यजमान दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. अक्कांना भिंतीवरचा लग्नातला फोटो पुरेना.

"दवाखान्याला निघाले तवा दारात वळून बघितले," त्या म्हणाल्या. "ते तोंड काढून दे मला. स्वल्प बेजार होते."

मी खूश झाले. इतकं नेमकं कुणी सांगत नाही. दोन रविवार खपले. कपाळाला आठी, ओठ घट्ट मिटलेले, नजर विटलेली. उगाच गोडवा घालायचा नाही, हा बाणा. मोठा प्रिंट काढून, फ्रेम करून नेऊन दिला.

अक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्यावर वैतागले होते काय गं?"

"तुम्हीच म्हणालात ना अक्का, बेजार होते म्हणून."

"बेजार म्हणजे जीव जड झाला होता त्यांचा. मी एकटी राहीन म्हणून."

आमच्याकडे बेजार म्हणजे कंटाळलेला, जेरीला आलेला. अक्कांच्या घरात तोच शब्द कन्नड अर्थाने नांदतो, दुःखी. आणि मी बायकोला विटलेला नवरा काढून, वर काच लावून दिला होता. एकदा विचारायला काय झालं होतं मला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. फार लाज वाटली.

फ्रेम परत आणली. आठी पुसली, ओठ सैल केले, डोळे ओलावले. टॅबलेटवर काहीही पुसता येतं. अक्का बघून "सरी" म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. पण मान वर केली नाही. मी पुन्हा काढलं. मग पुन्हा.

तिसऱ्या वेळी त्यांनी चित्र हातात घेतलंच नाही, मला शेजारी बसवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू चांगलंच काढलीस," त्या म्हणाल्या. "पण डोळे मिटले की आता तुझ्या चित्रातले ते पहिलेच दिसतात, आठी घातलेले. माझे येईनात बघ."

मी चित्र उलटं करून मांडीवर ठेवलं.

"तू तरी बघितलीस काय गं त्यांना, त्या सकाळी?"

मी बघितलं नव्हतं. मी कामावर गेले होते.