दादाचे खाके आणि माझं कुलूप

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही हिंदी शाळेत. पण लाकडावर हात चालायचा. बाग गावच्या कापड छापणाऱ्यांना आमच्या घरचे लाकडी ठसे जायचे. ठसा कोरायच्या आधी कागदावर त्याची आकृती काढतात, तिला आम्ही खाका म्हणतो. माझा खाका बरा. धाकट्यानं हे सहज कबूल करू नये, पण दादाचा खाका माझ्यापेक्षा सरस होता.

दादा देवासला राहायचा, मी धारला. तो गेल्यावर वहिनीनं त्याच्या खाक्यांची गुंडाळी माझ्या हाती दिली. म्हणाली, "भावोजी, संगणकात उतरवून घ्या. वर्षश्राद्धाला मात्र मला परत आणून द्या."

"आणतो," म्हणालो.

आमची एक वेल इंदूरच्या बाजारात कुणाच्या तरी चादरीवर छापलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून डोक्यात एकच, चोरी. मुलगी इंदुरात संगणकाचंच काम करते. ती माहेरी आली तेव्हा तिला म्हटलं, असं कुलूप लाव की ब्रह्मदेवाला उघडता येऊ नये.

घरचा संगणक सगळेच वापरतात, म्हणून तिनं त्याच्या पोटात दुसरा संगणक बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणाली. एक खिडकी उघडायची, तिच्यात आख्खा वेगळा डेस्कटॉप, तिथं फक्त माझं नाव. त्यात एक फोल्डर, आणि फोल्डरला एन्क्रिप्शन, म्हणजे आतलं कुलूप. तसं केल्यावर फायलींची नावं हिरवी झाली. मला आवडलं. आपला माल वेगळा दिसला पाहिजे.

एकेक कागद स्कॅन करताना तिनं विचारलं, "बाबा, मागे काकांनी काहीतरी लिहिलंय. मागची बाजू पण घेऊ?"

"मागे काय असणार? भाजीपाला आणि औषधं. नको, जागा खाईल."

"जागा भरपूर आहे."

"नको म्हटलं ना!"

तिनं घेतली नाही.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी तिला तोंड फिरवायला लावलं.

"मी मुलगी आहे तुमची, चोर नाही."

"म्हणून काय झालं? फिरव."

"लिहून तरी ठेवा."

"दीडशे वेली माझ्या डोक्यात आहेत. एक शब्द राहणार नाही?"

मग तिनं कुलपाची दुसरी किल्ली एका पेनड्राईव्हवर उतरवली. बजावलं, "पासवर्ड विसरलात तर मला फोन करा. बाहेरच्या माणसाकडून तो बदलून घेऊ नका, फायली उघडणार नाहीत. मग ही किल्लीच कामाला येईल. नीट ठेवा."

नीट म्हणजे आमच्या घरात एकच जागा. खंडेनवमीला पटाश्या, हातोडे धुऊन मांडले, तशी दादाची गुंडाळी मांडली आणि तिच्या घडीत पेनड्राईव्ह ठेवला. तोही हत्यारच. हळदकुंकू वाहिलं, मग गुंडाळी लाल फडक्यात बांधली.

दसरा झाला. मनात आलं, कागद वाळवीनं खाल्लेत, दादाचा जीव आता मशीनमध्ये आहे. पूजेतले जुने कागद कचऱ्यात टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात, ही आमची रीत. वहिनीला विचारायचं सुचलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सुचलं होतं. पण घरातला मोठा आता मी, विचारायचं कशाला? निसरपूरकडं गेलो, जिथं धरणाचं पाणी शेतांवर चढलंय, आणि गाठोडं नर्मदामाईला दिलं. हात जोडले. समाधान वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

वर्षश्राद्धाला महिना उरला आणि वहिनीचा फोन आला. कागद कधी आणता? मी म्हटलं, कागद जीर्ण झालेत, छान नवे प्रिंट काढून आणतो. तिनं फोन ठेवला.

संगणकातली ती खिडकी उघडून बसलो. पासवर्ड आठवेना. लाकडाचं नाव होतं, पुढं काही आकडे. सागवान टाकलं, शीशम टाकलं. मुलीला फोन करायचा होता, पण ती "सांगितलं होतं ना" म्हणाली असती. म्हणून चौकातल्या संगणकाच्या दुकानदाराला बोलावलं. म्हटलं, भिया, ये पासवर्ड हटा दे. त्यानं चहा संपायच्या आत हटवला. डेस्कटॉप उघडला, हिरवी नावं जशीच्या तशी. एकावर टिचकी मारली तर म्हणे परवानगी नाही. माझ्याच घरात, माझ्याच नावावर!

मग केला फोन.

"बदलून घेतलात?" मुलगी म्हणाली. "बरं. किल्ली लावा. पेनड्राईव्ह कुठंय?"

"नर्मदेत."

ती आधी हसली. मग तिला कळलं.

"आणि कागद?"

"त्याच गाठोड्यात."

मग म्हणाली, "जुना पासवर्ड आठवला तर अजून उघडेल बाबा. फक्त तोच आता."

देवासला गेलो. वहिनीसमोर बसून कुलपाचं, गाठोड्याचं, सगळं सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "तुमच्या वेली मला काय करायच्या, भावोजी? शेवटच्या दुखण्यात त्यांचा आवाज गेला होता. मला काही सांगायचं तर खाक्याच्या पाठीवर लिहायचे. मला वाचता येत नाही, पण मी मान हलवायची. म्हटलं होतं, वर्षश्राद्धाला कुणाकडून तरी वाचून घेईन." पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "आठवेल तुम्हाला. घाई नाही."

मी पाणी प्यायलो आणि परत आलो. मागची बाजू घेतलीच नाही, हे तेवढं सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज बसतो. साग, शीशम, खैर, बाभूळ, वहीत एकेक खोडतो. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, धीर सोडू नका. मागची बाजू घेतली नव्हती हे ती विसरलेली दिसते, की विसरल्याचं दाखवते. कधी कधी पटाशी हातात घेताना शब्द जिभेवर येतो आणि मीच तोंड मिटतो. कुलूप उघडलं तर वहिनीला आत फक्त वेली दिसतील. बंद आहे तोवर तिला वाटतं, दादाचं बोलणं आत आहे.

पण हे तिला आस लावून ठेवणं झालं, आणि तेही माझी मान खाली जाऊ नये म्हणून. सोमवारी देवासची बस धरतो. तिला वाचता येत नाही, म्हणून हे सगळं लिहिलेला हा कागद मीच तिला वाचून दाखवणार आहे, मागच्या पुढच्या दोन्ही बाजू.