एकवीस हत्ती आणि एक हंडा

दाजी तारी म्हणजे माझ्या आईचे वडील. घराण्याचं आडनावच तारी, पिढ्यान्‌पिढ्या नदीवर होडी घालून माणसं पलीकडे नेणारे. आणि ह्याच बाबाने नदीवर पूल बांधून सख्ख्या चुलतभावांची होडी बंद पाडली! भावकी वर्षभर बोलली नाही. दाजींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ‘तोंडां बंद तर बंद, कानांक आराम,’ म्हणायचे.

वीस वर्षं ते आगबोटीवर खलाशी होते. सत्तावन्न साली कायमचे घरी आले तेव्हा पेटीत दोन बनियन, एक गजराचं घड्याळ आणि तारेचे दोर सांधायचा लोखंडी सुळा, एवढीच कमाई. बाकी सगळ्या गोष्टी. त्यांतली न्यूयॉर्कच्या पुलाची गोष्ट आमच्या वाडीत पोरासोरांनाही पाठ होती. तिथे म्हणे दोन उंच मनोरे आणि त्यांवरून टांगलेला पूल. पूल खालून उचलून धरायचा नाही, वरून टांगायचा! सुरुवातीला लोक घाबरले, कुणीतरी ‘पडलो, पडलो’ ओरडलं आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. मग दुसऱ्या वर्षी एका सर्कसवाल्याने त्यावरून एकवीस हत्ती चालवत नेले, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला.

‘एकवीस! तुमी मोजल्यात?’ माझी आजी, तुळसा, दर वेळी विचारायची.

‘मी खंयसून मोजू? माझ्या बापाशीच्या जल्माआधीची गजाल ती!’

‘मगे लोकांचे हत्ती आमका कित्याक सांगतात?’

साठ साली माझ्या आईचं, विमलाचं, लग्न झालं ते नदीपलीकडच्या वाडीत. आजीच्या अंगणातून लेकीचं वाळत घातलेलं लुगडं दिसायचं, इतकं जवळ. पण पाऊस लागला की बांबू-पोफळीचा साकव वाहून जायचा, नदी फुगायची, होडी बंद. चार महिने लेक दिसायची, भेटायची नाही. त्या पहिल्याच पावसाळ्यात आजी रोज संध्याकाळी काठावर उभी राहून रडायची. दाजींना ते बघवेना. एका संध्याकाळी म्हणाले, ‘रडा नको गो. मी पूल टांगतंय.’ आणि सगळी वाडी हसली.

दोन उन्हाळे ते खपले. मुंबईच्या बंदरातून भंगारातले तारदोर आणले, दोन्ही काठांवर चिऱ्याचे खांब उभे केले, फणसाच्या फळ्या बसवल्या. सांधा न् सांधा स्वतःच्या हाताने विणला. गावाने श्रमदान केलं आणि तोंडपाटीलकीही केली. बासष्टच्या आषाढात पूल तयार झाला आणि नेमका तेव्हाच आईला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. पण होडी बंद, आणि कुणी धाडसाने घातली असती तरी तिची सासू काशीबाई, तिने आधीच बजावलं होतं, ‘पोटुशी सून मी पावसात होडयेत बसवचंय नाय.’ म्हणजे आता पूल किंवा काही नाही.

उघडीप बघून मुहूर्त धरला. दोन्ही काठांवर माणूसच माणूस. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. नारळ ठेवून गावचे मानकरी धोंडू गावकर ह्यांनी खड्या आवाजात देवाला सांगितलं, ‘बा देवा महाराजा, ह्यो पूल तुझ्या पायांकडे ठेवलेलो आसा. ह्यो हलाक नको, डुलाक नको, लेकराबाळांका सांभाळून पलीकडे ने रे महाराजा!’

‘व्हय महाराजा!’ सगळे ओरडले. नारळ फुटला. धोंडू गावकर ऐटीत पुढे झाले, दहा पावलं गेले आणि पूल डुलायला लागला. झालं! गावकर चार पायांवर परत.

‘देवाक सांगलंय हलाक नको, आणि ह्यो हलता! देवाक पूल मान्य नाय!’

दाजींचा पारा चढला. ‘रे मेल्या, हलाक नको असा तुका सांगूक कोणी सांगल्यान? टांगलेलो पूल हलतलोच! नाय हललो तर तुटतलो!’

पण एकदा गाऱ्हाण्यात गेलेला शब्द परत कसा घ्यायचा? एकही जण पाऊल टाकेना. दाजी स्वतः जाऊन आले, उड्या मारून दाखवल्या, तर पूल अधिकच हलला आणि लोक अधिकच मागे सरले. पलीकडून काशीबाई ओरडली, ‘दाजीनू, माझी सून हयसून हलाची नाय!’ आई तिच्या मागे पदर तोंडाला लावून उभी. दाजी खांबाला टेकून मटकन बसले. ‘आता हत्ती खंयसून हाडू?’ एवढंच म्हणाले.

आजी तडक वळली. विहिरीवर गेली, तांब्याचा हंडा काठोकाठ भरून डोक्यावर घेतला, त्यावर भरलेली कळशी, ओचा खोचला आणि थेट पुलावर!

‘तुळशे, परत ये!’ दाजी किंचाळले. ती कसली ऐकतेय! पूल डावीकडे गेला की तिची कंबर डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. खाली गढूळ पाणी घोंघावत होतं. दाजी सांगायचे, समुद्रात वादळं बघितली, पण असा जीव कधी उडाला नाही.

पलीकडे पोचून आजीने हंडा काशीबाईपुढे उतरवला. ‘बघा विहीणबाय, थेंब खंय सांडलो? डोक्यार पाणी घेवन आपण ताठ चलतंव काय? कंबर हलता म्हणानच हंडो रवता. ह्यो पूलय तसोच.’

काशीबाईने चाळीस वर्षं पाणी वाहिलेलं. तिने हंड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, सुनेच्या डोळ्यांना लावलं. ‘जा गो बाय. सावकाश जा.’

अलीकडून धोंडू गावकरांनी घाईघाईने गाऱ्हाणं दुरुस्त केलं. ‘बा देवा महाराजा, हलता तर हलू दे, पण सांभाळ रे महाराजा!’

‘व्हय महाराजा!’ ह्या खेपेला दोन्ही काठांवरून आवाज आला. आजीचा हात धरून आई पूल उतरली. दाजी लेकीला बघून घळाघळा रडले, कोण बघतंय ह्याची पर्वा न करता. भादव्यात मी जन्मले, दाजींच्याच घरी.

पुढे दाजी कुणालाही ती न्यूयॉर्कची गोष्ट सांगायला बसले की आजी चुलीपुढून ओरडायची, ‘थंय एकवीस हत्ती लागले. हंय मी एकटी पुरलंय!’