अक्कांचा ठोक्या

अक्कांना हळू बोलता येत नसे. कानात काही सांगायला लागल्या तरी समोरच्या घरातली माणसं गॅलरीत यायची. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. मागांचा खडखडाट दिवसभर कानात जाऊन बसायचा, आणि हळूहळू बाकीचं सगळं ऐकू येणं बंद झालं. ओरडून बोलणाऱ्या बाईला लोक तापट समजतात. अक्का तापट मुळीच नव्हत्या. आपला आवाज किती चढलाय, हेच त्यांना कळत नसे.

अशी बाई दर रविवारी सकाळी माळावर फिरायला जायची, आणि शेजारीण म्हणून मला बरोबर न्यायची. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री सारखं उठायचं, दिवसा शाळेतली कारकुनी. रविवारी मला फक्त झोप हवी असायची. पण उजाडलं न उजाडलं तोच फाटक वाजायचं. "सुमन, झोपायलीस का अजून? चल की!" नको म्हणायची सोय नव्हती, कारण ते त्यांना ऐकू तरी आलं पाहिजे. शिवाय तोवर गल्ली जागी झालेली असायची. गल्लीला पुन्हा झोपता यावं म्हणून मला उठावं लागायचं.

हैदराबाद रस्त्याच्या पलीकडे तो माळ होता. म्हणजे अजून आहे, पण आता त्यावर प्लॉटचे पांढरे दगड जास्त आणि गवत कमी. थंडी सरत आली की ते गवत पार वाळून जातं आणि कुसळं साडीला शिवल्यासारखी बसतात. अक्का "ते बग!" म्हणून ओरडायच्या, तोवर जे बघायचं ते उडून गेलेलं असायचं. मी त्या माळावरचे सगळे पक्षी पाठमोरेच पाहिले. त्यामुळे आमच्या वाट्याला पळून न जाणाऱ्या गोष्टी आल्या. बाभळीचा डिंक, काट्यांत राहून गेलेली शेवटची बोरं, वाऱ्यानं पडलेलं सुगरणीचं घरटं. ते घरटं अक्कांनी उलटंपालटं केलं, एक धागा ओढून पाहिला आणि ओरडल्या, "काय विणलंय गं! माग न्हाय, मालक न्हाय!" त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच हसले असेन.

या वर्षी संक्रांतीनंतर त्यांच्या मुलाचा सुरतेहून निरोप आला. होळी झाली की तो आईला कायमची घेऊन जाणार होता. अक्कांनी त्यावर काही तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी मात्र त्या प्लॉटच्या एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "जायच्या आदी एक काम राहिलंय."

मग त्यांनी सांगितलं. "शेडमदी लाईट गेली की माग बंद. बायका शिव्या द्यायच्या, मजुरी बुडायली म्हणून. मला लई गार वाटायचं बग. शेडच्या मागं एक झाड होतं. त्यावर कोण तरी ठोकायचा. टुक, टुक, टुक. लाईट आली की त्यो बुडाला खडखडाटात. कोण होता ते बघायला कदी मिळालंच न्हाय. आता तर ऐकूबी येत न्हाय. तू ऐक, मी बगते."

ती टुकटुक मी जन्मभर ऐकत आले होते, पण पलीकडच्या गल्लीत कुणी भांडी ठोकतंय असंच समजत होते. आता ती शोधायची होती. आणि हा आवाज मोठा लबाड. या झाडावरून येतोय म्हणून जावं, तर त्या झाडावरून यायचा. मी बोट दाखवायची, अक्का मान वर करून डोळे ताणायच्या, आणि फांदीवर कुणी नसायचं. "तुजेबी कान गेले वाटतं!" त्या ओरडायच्या. मग जे काही असेल तेही उडायचं. दोन-तीन रविवार असेच गेले. मी पार कंटाळले होते. पण होळी जवळ येत होती, आणि एरवी काहीच न मागणाऱ्या बाईनं एवढं एकच मागितलं होतं.

शेवटी माळाच्या कडेला, पडक्या विहिरीवरच्या वडाखाली आवाज अगदी डोक्यावर आला. अक्कांनी पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला. मी त्यांचं मनगट धरलं आणि प्रत्येक 'टुक'बरोबर त्यावर बोटानं ठोका देऊ लागले. हातावर ठोका पडताना झाडावर कोण हलतंय, हे त्या पाहत होत्या. बराच वेळ गेला. मग त्यांनीच माझी हनुवटी धरून वर वळवली.

शेंड्यावरच्या वाळक्या काटकीवर तो बसला होता. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. दर ठोक्याला त्याचा गळा फुगत होता आणि मान हलत होती. त्याला तांबट म्हणतात, हे मला नंतर समजलं. आमच्यासाठी तो ठोक्याच. अक्का ओरडल्या नाहीत. पदर तोंडात तसाच, आणि डोळ्यांतून पाणी. घरी येईपर्यंत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. गल्लीत दोघींनी मला हळूच विचारलं, भांडलात का म्हणून.

होळीनंतर मुलगा गाडी घेऊन आला. बोचकी भरली, घराला कुलूप लागलं. अक्का मागच्या सीटवर अंग चोरून बसल्या होत्या, कुणाकडेच बघत नव्हत्या. मी खिडकीशी गेले. बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. आता रविवारी कुणी उठवणार नाही, हे सुख मला नकोसं वाटत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या उंबरावर सुरू झालं. टुक, टुक, टुक. मी खिडकीतून हात घालून त्यांचं मनगट धरलं आणि ठोके देऊ लागले. अक्कांनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "लाईट गेली गं, सुमन! लाईट गेली!"

दोघीतिघी खरंच घरात जाऊन पंखा बघून आल्या. मी गाडी सुरू होईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.