डोळे मिटून बसणाऱ्या दोघी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं एसटी निघाली तेव्हा मी खुशीत होते. नळदुर्गजवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीनं (चर्चच्या सभासदांनी) मला महिला रविवारच्या, म्हणजे बायकांनी चालवायच्या उपासनेत बोलायला बोलावलं होतं. आयुष्यभर पुण्यात मराठी शिकवली, निवृत्त झाले, आणि आता असं कुणी बोलावलं की मी लगेच पिशवी भरते. येताना येडशीच्या जंगलातलं रामलिंग मंदिर आणि परंड्याचा किल्लाही पाहायचा बेत होता.

कंडक्टर फाट्यावर थांबायचं विसरला. पुढं बऱ्याच अंतरावर उतरवलं आणि ट्रकच्या हॉर्नमधून, धूळ खात मी मागं चालत आले. फाट्यावर पास्टर मोटरसायकल घेऊन उभे होते. "सलाम, बाई. चुकामूक झाली वाटतं," म्हणाले. (आमच्या लोकांत नमस्काराऐवजी सलाम म्हणतात.) दोन्ही बाजूंना ज्वारीची कणसं भरून आली होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. निवृत्तीनंतर एका शिबिरात मी ध्यान शिकले. ख्रिस्ती ध्यान. पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वासाबरोबर मनात प्रभूचं नाव, बाकी काही मागायचं नाही. फार पूर्वी वाळवंटात राहणारे ख्रिस्ती साधू असेच बसत, हेही तिथंच कळलं. सहा वर्षं मी रोज पहाटे बसते. पण आमच्या चर्चमध्ये कुणाला बोलले नव्हते. 'हे आपलं नव्हे' असं कुणी म्हणेल, ही धास्ती.

शनिवारी उजाडताना पास्टरांच्या गच्चीवर बसले. डोळे उघडले तर शेजारच्या अंगणात एक म्हातारी तशीच मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. थोड्या वेळानं तीच पितळी घेऊन वर आली. पितळीत गरम माडगं होतं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण).

"तुमी बी बसता व्हय?" तिनं विचारलं.

तिचं नाव शेवंताबाई. नवरा गेल्यावर झोप उडाली, शब्द सुचेनात, म्हणून ती नुसतं 'प्रभू, प्रभू' म्हणत बसू लागली. कुणी शिकवलं नव्हतं. "बसलं की आत कुनीतरी दिवा धरून उभं हाय असं वाटतंय," ती म्हणाली. पण मंडळीत कुजबुज झाली, की म्हातारी दुसऱ्या धर्माला लागली. बायकांची प्रार्थनासभा ती चालवायची, ती काढून घेतली.

"उद्या तुमी सांगा, बाई. तुमी शिकल्याल्या. तुमचं ऐकतील."

"सांगते की, मावशी," मी म्हणाले. हातावर हात ठेवून म्हणाले.

रविवारी उपासनेआधी मंडळीचा कारभार पाहणारे पंच याकोबदादा भेटले. गावात त्यांचं शिवणकामाचं दुकान. अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, चांगलं बोला. पर ते ध्यानबिन नको. त्यावरनं लई कटकट झालीया हितं." मी मान डोलावली.

आणि बोलले ते बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर. लोकांना आवडलं. मग साक्षीची वेळ आली (प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं). शेवंताबाई उठल्या. नेसूचा काठ मुठीत धरून म्हणाल्या, "म्या डोळं मिटून प्रभूचं नाव घेती. त्यात वंगाळ काय न्हाय. ह्या पुण्याच्या बाई बी तशाच बसत्यात. इचारा त्यास्नी."

सगळं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) माझ्याकडं वळलं. पास्टर हसून म्हणाले, "व्हय का, बाई?"

वाळवंटातले साधू मला ठाऊक होते. पाच मिनिटांत सगळं समजावून देता आलं असतं. मी म्हणाले, "मी आपली सकाळी थोडी प्रार्थना करते. एवढंच."

शेवंताबाईंनी मुठीतला काठ सोडला. मग पदर डोक्यावर ओढून खाली बसल्या. नंतर मला शाल पांघरली, टाळ्या झाल्या. दुपारच्या पंगतीत शेंगांची चटणी, भाकरी, आमटी होती. चव कळली नाही. शेवंताबाई जेवायला थांबल्या नव्हत्या. त्यांच्या घरी जायचं धैर्य झालं नाही.

सोमवारी सकाळी ठरल्याप्रमाणे येडशीला गेले. धाराशिवला गाडी बदलली. रामलिंगच्या पायऱ्या उतरताना सावली दाट होत गेली, खाली ओढा, माकडं, पोरांना घेऊन आलेल्या सहली. बाजूला एक दगड पाहून बसले. डोळे मिटले की पदर ओढून खाली बसणारी बाई दिसायची. उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा तेच. ज्याचं नाव घ्यायचं त्याचं नाव तोंडात येईना. शेजारी डबा सोडून बसलेल्या बाईनं विचारलं, "बरं वाटंना का तुमाला?" मी "नाही" म्हणाले आणि उठले. परंडा राहिलं. मिळेल त्या गाडीनं परत नळदुर्गकडं निघाले.

ऊन कलताना याकोबदादांच्या दुकानापुढं उभी राहिले. ते ब्लाऊजला हुक लावत होते.

"दादा, काल मी खोटं बोलले. मीही शेवंतामावशींसारखीच बसते. सहा वर्षं."

त्यांनी सुई कापडात खोवली. "मग काल का न्हाय बोललात?"

"भ्याले."

"कुनाला?"

"तुम्हाला."

"मला?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "म्या काय करनार व्हतो तुमास्नी? तुमी गाडीत बसून जानार. ऱ्हानार ती हितं."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. तेच पुढं म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपेग? बुधवारी घरभक्ती हाय. तिथं सांगा."

पास्टरांच्या घरी दोन दिवस काढले. त्यांनाही सांगितलं. ते फक्त "हं" म्हणाले. बुधवारी तिन्हीसांजेला एका घराच्या ओसरीवर प्रार्थनेला बारा-पंधरा माणसं जमली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं: मी बसते, कशी बसते, मावशींना शब्द दिला होता आणि तो मोडला. एका बाईनं विचारलं, "म्हंजी त्यात मंत्र नसतोय?" मी नाही म्हणाले, प्रभूचंच नाव. याकोबदादा "बघू" एवढंच म्हणाले आणि गाणं सुरू केलं. शेवंताबाई कोपऱ्यात होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

निघताना त्या दारात थांबल्या. मी पाया पडायला वाकले, त्यांनी दंड धरून उठवलं.

"सांगितलंसा, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर बाई, त्या दिवशी उभी व्हते तवा माझं पाय लई कापत व्हते."

एवढं बोलून त्या अंगणातून निघून गेल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी पुनःपुन्हा तेच पाहत राहिले. सहा वर्षं रोज पहाटे मी म्हणत आले, प्रभू, जवळ ये. तो आला, दोन बाकं सोडून, कापत्या पायांवर उभा राहिला आणि मला ओळख दे म्हणाला. मी दिली नाही. घरी पोचल्यावर पुढच्या रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?" मी "छान" म्हणाले. डोळे मिटून बसतेस का, असं मात्र कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारेल याची वाट पाहत राहणं हाही भित्रेपणाच. म्हणून हे लिहून माझ्या मंडळीच्या मासिकाकडं पाठवत आहे, खाली माझं नाव घालून.