चिंचेनं घासलेला इराणी दिवा

आधी सरांचं लिहिते, मग माझं. सर बुलढाण्यात कॉलेजात इतिहास शिकवायचे, रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. मी रत्नागिरीकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, त्या कामामागून आम्ही इतक्या लांब आलो. भाड्याची खोली सुटली तेव्हा सरांनी घरामागची खोली दिली. मी त्यांचा स्वयंपाक करू लागले, तर त्यांनी दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म आणला आणि रोज सकाळी तासभर समोर बसवून वाचून घ्यायला लागले. माझा कोकणी हेल ऐकून म्हणायचे, "पोरी, तू वाचून राह्यली का गाऊन राह्यली?" आज मी हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे. आणि ज्या एका वस्तूचा त्यांना अभिमान होता, तिची मी वाट लावली.

तो दिवा त्यांना खामगावात एका मोडवाल्याकडे फुटक्या तांब्या-परातींच्या ढिगात सापडला होता. ओंजळीत मावेल एवढा, पितळेचा, पुढे वातीसाठी पन्हळीसारखं तोंड, मागे धरायला कान, झाकणावर एक पाखरू. सगळा काळाकुट्ट. पोटाभोवती अरबी अक्षरांची एक ओळ. सर सांगायचे, दिवा सात-आठशे वर्षांपूर्वीचा, इराणातल्या खुरासानचा, आणि त्या ओळीत बहुतेक मालकाचं भलं होवो असा आशीर्वाद असणार. तिकडच्या कारागिरांनी दिव्याचा घाट रोमन लोकांचा बघून घेतला, पुढे चीनकडची फुलंही त्यांच्या भांड्यांवर आली. कुणीच एकट्यानं काही घडवलेलं नाही, म्हणायचे. मूळ झाकण हरवलं असावं आणि दख्खनच्या कुण्या तांबटानं नवं करून दिलं असावं, असं त्यांचं मत. कारण पाखराखालचं कमळ त्यांना मेहकरच्या देवळातल्या कमळासारखं दिसायचं. "अंग त्याईचं, टोपी आपली," म्हणून हसायचे. मी लसूण सोलत हो हो करायची. त्या काळ्या रंगाबद्दलही ते कधी बोलले असतील. माझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे.

दोन वर्षं ते पत्रं लिहीत होते की कुणीतरी येऊन दिवा बघा. बुलढाण्याच्या मास्तरकडे कुठला आलाय इराणी दिवा, असंच सगळ्यांना वाटत असणार. शेवटी पुण्याच्या एक बाई, जुन्या धातूच्या भांड्यांचा अभ्यास करणाऱ्या, शनिवारी येते म्हणाल्या. दिवा तसा जुना आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर सरांचं म्हणणं खरं ठरणार होतं.

गुरुवारी आषाढातली अमावस्या होती, दिव्याची अवस. आमच्याकडे त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतात, रांगोळी काढतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. सरांच्या घरात त्यांच्या पत्नी वारल्यापासून कुणी हे केलं नव्हतं. मला वाटलं, इतकं केलंय आपल्यासाठी, आपण एवढं तरी करावं. पाहुण्या येणार, घर उजळलेलं दिसेल. सर कमळाचे नवे फोटो काढायला मेहकरला गेले होते. मी समया, निरांजनं, त्यांच्या पत्नीचा लामणदिवा काढला आणि त्याबरोबर हाही काढला.

बाकीचे चिंच-राखेनं लखलखले, हा काही निघेना. मग मी तो दुपारभर चिंचेच्या कोळात मीठ घालून बुडवून ठेवला. अक्षरांत काळं घट्ट बसलं होतं, ते सेफ्टीपिननं उकरलं. एकेक अक्षर, मान मोडेपर्यंत. काही अक्षरांतून पांढरट तारेचे बारीक तुकडे सुटून आले. वाटलं, कुणाचं तरी जुनं डागकाम असेल. पाण्याबरोबर मोरीतून सोडून दिले.

सर संध्याकाळी आले. मी पाटाशेजारी उभीच होते, कौतुक ऐकायला. त्यांनी बघितलं आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मग विचारलं, तार निघाली का काही? म्हटलं, निघाली, मोरीत गेली. "बरं," म्हणाले. कणकेचे दिवे तूप घालून खाल्ले, दोन.

दुसऱ्या दिवशी वाचनाच्या तासाला त्यांनी शिकवल्यासारखं शांतपणे सांगितलं की ती तार चांदीची होती, काळं हे मुद्दाम भरलेलं होतं, आणि दिवा जुना असल्याची खरी साक्ष ती तार आणि ते काळं हीच. मी म्हटलं, त्या बाईंना मीच सांगते. तर म्हणाले, "तू चूप राह्य. तुले म्या नीट सांगतलंच नाही, त तुहं काय चुकलं?"

शनिवारी बाई आल्या. सर त्यांच्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होते. बाईंनी भिंगातून दिवा फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, हा साफ कुणी केला?

"म्याच घासला," सर म्हणाले. "दिव्याची अवस होती न, म्हटलं उजळून घ्यावा."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "घरातल्या एखाद्या अडाणी बाईनं हे केलं असतं तर मी समजू शकले असते, सर. पण तुम्ही?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. सरांचे कान लाल झाले होते, नजर फरशीवर. दिव्याच्या कानाच्या आतल्या बाजूला माझी पिन पोचली नव्हती, तिथे थोडं काळं शिल्लक होतं. पण तेवढ्यावर काही लिहून देता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. खुरासानचा असेल किंवा मुरादाबादची बाजारातली नक्कलही असेल. कमळाचे फोटो त्यांनी पाहिलेच नाहीत. मी चहा ठेवला आणि विचारलं, साखर चालेल ना? त्या पूर्ण भेटीत माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

त्या गेल्यावर सरांनी पुस्तक आणायला सांगितलं. सकाळचा धडा राहिला होता. मला एक ओळ धड वाचता येईना. त्यांनी त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

सर, मी त्या बाईंना दोन पत्रं लिहिली आणि फाडली. खरं सांगितलं तर तुम्ही खोटं बोललात हेही उघडं पडेल, ही एक भीती. दुसरी, खरी भीती स्वतःला अडाणी म्हणवून घ्यायची आहे, ते मला कळतं. पण एक दिवस मी पुण्याला त्यांच्या दारात जाईन आणि सांगेन की ती अडाणी बाई मी, आणि सरांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. माझ्यामुळे तुमची गेलेली पत मी तुम्हाला परत आणून देईन. तोवर तब्येत सांभाळा.