खिळ्यावरची दोरी

माझ्या वहिनीला आमच्या रस्त्यावर सगळे दोरीवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. एकोणीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहते, पण मला कोणी चष्मेवाली म्हणून बघावं, त्याला मी दुसऱ्याच्याच नंबरचा चष्मा बांधून देईन. वहिनी मात्र हसते. तिला चिडवून चिडवून माझा भाऊ दमला, ती कधी दमली नाही.

तिचं काम खिडकीपाशी चालतं. गजाला एक लोखंडी आकडा आहे, त्यातून सुती दोऱ्या खाली लोंबतात आणि त्यांतून ती कुंड्यांची शिंकाळी विणते, पिशव्या विणते, दाराला लावायच्या झालरी विणते. मोजायला टेप नाही. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, आणि माप चुकू नये म्हणून दोरीचं टोक ओठात धरलेलं, त्यामुळे काम करताना तिच्याशी बोलायला गेलं की नुसतं हूं हूं ऐकू येतं. विणून झालं की शेवटी ती एक गाठ मारते. तीन वेढे घेऊन टोक परत आत खुपसायचं आणि दातांनी ओढायचं. तिचे वडील ट्रकवर माल बांधायचे, त्यांची ही गाठ. लहानपणी त्यांच्यासमोर बसून बघत बघत शिकली, त्यामुळे त्यांची उजवीकडे वळायची ती हिची डावीकडे वळते. वडिलांनी खूप सांगितलं, सुलट मार, सुलट मार. हाताला लागलेलं वळण, जातंय कुठे. तशी गाठ अख्ख्या गावात दुसऱ्या कोणाची नाही, आणि ती सुटत तर मुळीच नाही. तिने बांधलेलं पार्सल आलं की दादा आधी कात्री शोधतो.

या गाठीचा तिला फार अभिमान होता. होता म्हणते, कारण गोष्ट पुराच्या आधीची आहे.

पुराच्या आधी आमच्याकडे ठोंब्या नावाचा कुत्रा होता. तपकिरी रंगाचा, पुढचा एक पाय पांढरा, अक्कल यथातथाच. पिल्लू असताना जिन्याखाली येऊन बसला तो बसलाच. मी त्याला केरसुणी दाखवायची आणि वहिनी त्याला दूध दाखवायची, तेव्हा तो कोणाचा झाला हे सांगायला नको. त्याची एक खोड होती. वहिनीने दोरी हातात घेतली की तो आपणहून यायचा, तिच्यासमोर बसायचा आणि न्हाव्यापुढे गिऱ्हाईक मान वर करतं तशी मान वर करून थांबायचा. बांध म्हणायचा.

पाणी आलं ते दुपारी, जेवणं उरकल्यावर. दादा कामावर, नदीच्या पलीकडे. चार वाजेपर्यंत खालचा मजला खिडकीपर्यंत बुडाला आणि आमच्या जिन्याच्या वळणावर जी खिडकी आहे, तिला बोट येऊन लागली. बोटवाला ओरडत होता, "माणसं आधी! जनावरं पुढच्या फेरीला!" मी आधी उतरले. मला पोहता येत नाही. वहिनी उतरली आणि तिच्यामागून ठोंब्याने उडी घेतली, तशी बोट एका बाजूला कलली आणि पाणी माझ्या मांडीवर आलं. माझी पाचावर धारण बसली. मी किंचाळले, "वहिनी, बांध त्याला! बुडवील तो आपल्याला!"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याला घेऊन ती खिडकीतून परत आत गेली. वर नेऊन घरात कोंडायला वेळ नव्हता, बोटवाला शिव्या देत होता. ठोंब्या तिच्यासमोर बसला, त्याने मान वर केली, आणि तिने पिशवीतली दोरी काढून त्याला कठड्याला बांधलं. "आलेच हं," असं त्याला म्हणाली. हे मी कानांनी ऐकलं.

पुढची फेरी झालीच नाही. पाणी चढत राहिलं, आमची बोट दुसरीकडे पाठवली, आणि आम्ही तीन दिवस टेकडीवरच्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून होतो. वहिनीने पहिल्या दिवशी दिसेल त्याचे पाय धरले. कुत्र्यासाठी कोण बोट काढतंय. दुसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलं, "तुमचा ठोंब्या कुठंय?" वहिनी म्हणाली, "पळाला." मी शेजारीच बसले होते. मी ब्रसुद्धा काढला नाही.

पाणी उतरल्यावर घरी आलो. जिन्यात गुडघाभर चिखल होता आणि वळणावरच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीइतकी उंच. कठड्याला वहिनीची गाठ जशीच्या तशी होती. तिच्यापुढे वीतभर दोरी आणि मग काही नाही. वहिनीने टोक हातात घेऊन पाहिलं. कुरतडलेलं नव्हतं, सुरीने कापलेलं होतं. कोणीतरी कापून त्याला नेलं होतं. जिवंत नेलं की उचलून टाकायला नेलं, ते दोरीवरून कळत नव्हतं. गाठ भिजून वाळून दगड झाली होती. सोडवता येईना, आणि कापायला तिचा हात होईना. तिने त्यावर एक जुनं फडकं टाकलं. त्या दिवसापासून ते फडकं हललं तरी ती घरातून धावत बाहेर यायची.

गावाबाहेर एका बंद पडलेल्या गॅरेजात पुरातल्या जनावरांचा निवारा उघडला होता. कुत्री, मांजरं, शेळ्या, एक गाढव. जनावरांची डॉक्टर एकटी ते सगळं बघत होती आणि चाऱ्यापासून औषधापर्यंत सगळ्याचीच टंचाई होती. वहिनीने हे ऐकलं आणि ती कामाला बसली. कुत्र्यांच्या दोऱ्या आणि गळपट्टे. विकून जे येईल ते निवाऱ्याला. शिंकाळी बंद, झालरी बंद. सकाळी उठले की ती खिडकीशी, दुकानातून आले की ती खिडकीशी, ओठात दोरी. औषधाच्या दुकानाबाहेर टेबल टाकलं, माझ्या काउंटरवरही टांगल्या. हातोहात खपायला लागल्या. बायका घरी येऊन सांगायच्या, "केवढी माया हो तुमची मुक्या जनावरांवर!" त्या गेल्या की वहिनी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची. खाई त्याला खवखवे.

निवाऱ्यात जायला ती तयार नव्हती. निवाऱ्यासाठी ठेवलेल्या दोऱ्यांचा गठ्ठा मीच फाटकावर देऊन यायची. एका मंगळवारी फाटकाशी कोणी नव्हतं म्हणून मी आत गेले, आणि टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेली दोरी पाहिली. सुती, मळकी, कापलेली, आणि तिच्या फासाला डावीकडे वळलेली गाठ.

डॉक्टर हात पुसत आली. माझी नजर कुठे आहे ते तिने पाहिलं.

"ही त्याच्या गळ्यातून काढली," ती म्हणाली आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. "कोणीतरी बांधून निघून गेलं. भिजून दोरी आवळत गेली, मांसात रुतली. दोन दिवस मागच्या पायांवर उभा होता म्हणून नाक वर राहिलं. कुठल्या घरातून काढला तेही बोटवाल्याला सांगता येईना, पाण्यात सगळे जिने सारखेच. पण ही दोरी मी टाकणार नाही. ज्याने बांधलं ना, त्याला मला एकदा इथे उभं करायचंय."

कोपऱ्यात ठोंब्या होता. गळ्याभोवती केस भादरलेले, पट्टी. मला बघून त्याने कान हलवला, पण जागचा उठला नाही. माझ्यासाठी कशाला उठेल?

"जखम भरत नाही, सारखी खाजवतो. आणि दोरी दिसली की जागेवर मुततो," डॉक्टर म्हणाली. "रविवारी घरं द्यायचीयत सगळ्यांना, गॅरेज रिकामं करून मागतायत. याला कोण नेणार? नाही कोणी नेलं तर दूर कुठेतरी पाठवावा लागेल. तसा तो वाचणार नाही." बोलता बोलता तिने माझ्या गठ्ठ्यातली एक दोरी उचलली. तिचा अंगठा गाठीवरून फिरला. तिने दोरी खाली ठेवली आणि म्हणाली, "छान काम आहे हो तुमच्या वहिनींचं."

त्या वाक्याचा अर्थ लावत मी घरापर्यंत आले. आतापर्यंत निम्म्या गावातल्या कुत्र्यांच्या गळ्यात वहिनीची गाठ होती. पाप फेडायला निघाली आणि स्वतःचीच साक्ष घरोघरी वाटून बसली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी तिला सगळं सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं, पण तिने दार उघडताच विचारलं, "वन्सं, चेहरा का असा?" आणि माझ्या तोंडात तीळ भिजेना. ठोंब्या जिवंत आहे हे ऐकून ती खाली बसली. मग गळ्याचं ऐकलं. मग खिळ्याचं ऐकलं.

"त्यांनी ओळखलं असेल?"

"माहीत नाही."

"मी गेले तर तो मला ओळखेल. सगळ्यांसमोर ओळखेल. मग लोक काय म्हणतील? दोऱ्या कोण घेईल माझ्या? आणि ठोंब्याला त्या माझ्या हातात देतील?"

"नाही गेलीस तर रविवारी तो जाईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने गाठ बदलली. आरशासमोर बसून, वडील सांगायचे तशी सुलट. हात ऐकेनात. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दचकायची आणि वेढा निसटायचा. तरी तिने दोन दिवसांत डझनभर केल्या आणि मी त्या मुकाट्याने टेबलावर ठेवल्या. भीती मलाही होतीच की.

शनिवारी सकाळी न्हावी घरी आला. दुकान उघडं टाकून, वस्तरा खिशात तसाच. त्याची पामेरियन कुत्री म्हणजे त्याची म्हातारपणची लेक. त्याने नवी दोरी वहिनीपुढे आपटली.

"दोरीवाल्या बाई, हे काय? भर रस्त्यात सुटली! टेम्पो अंगावरून गेला, चाकांच्या मधून वाचली माझी पोर. तुमची गाठ म्हणून डोळे झाकून घेतली मी. कुठे गेली तुमची नेहमीची गाठ?"

वहिनी पांढरीफटक पडली. तिने त्याची माफी मागितली, जुन्या गाठीची दोरी दिली, आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही टेबलावर जा. बाकीच्या सगळ्या परत आणा. ज्या घरी विकली गेली असेल त्या घरी जा." मी परत आले तेव्हा ती जिन्याच्या वळणावर होती. फडकं खाली पडलेलं, हातात दादाची करवत. कठड्याचं लाकूडच कापून तिने गाठ अख्खी काढली होती.

तसेच आम्ही गॅरेजवर गेलो. वाटेत ती एकदा थांबली आणि भिंतीशी ओकली. मी पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार.

डॉक्टर टेबलाशी होती. वहिनीने पिशवीतून लाकडाचा तुकडा काढून ठेवला. डॉक्टरने काही न विचारता खिळ्यावरची दोरी काढली आणि दोन्ही कापलेली टोकं एकमेकांना लावून पाहिली. बरोबर जुळली.

"कोणी बांधला?"

"मी."

"तुमचा कुत्रा पळाला असं गावात ऐकलं होतं मी, ते कोण म्हणालं?"

"मीच."

"मला तुमच्या पहिल्या गठ्ठ्यालाच शंका आली होती," डॉक्टर म्हणाली. "औषधं त्याच पैशांची येत होती, म्हणून गप्प बसले. मलाही लाज वाटायची." मग ती आत गेली आणि ठोंब्याला मोकळाच घेऊन आली.

वहिनीच्या खांद्यावर पिशवी होती आणि पिशवीतून दोरीचं टोक बाहेर लोंबत होतं. तिच्या ते लक्षातच नव्हतं. ठोंब्याने तिला पाहिलं, मग दोरी पाहिली. तो थरथरायला लागला. त्याच्याखाली फरशी ओली झाली. मला वाटलं आता मागे पळेल. पण तो त्या ओल्यातूनच एक एक पाऊल टाकत आला, तिच्यासमोर बसला आणि पट्टीचा गळा त्याने वर केला. बांध म्हणत होता.

वहिनीने पिशवी भिरकावली आणि ती त्याच्यापुढे फरशीवर बसली. तिला हात लावायचा धीर होईना. तो मान वर करून थांबलेलाच होता.

"बांध असं मी म्हटलं होतं," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "बोटीत. ती बांधत नव्हती. मी म्हटलं."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनीनेही नाही. दोघी ठोंब्याकडे बघत होत्या, आणि तो अजून मान खाली घेत नव्हता.